जुनी युरोपीय मोटार आणि दुरुस्तीची किल्ली

आमच्या तालुक्यातील एका शिक्षक साथींनी गेल्या महिन्यात एक प्रश्न विचारला. बारा वर्षांच्या बचतीतून त्यांनी एक लहानशी नवी मोटार घेण्यापुरते पैसे साठविले आहेत. तेवढ्याच पैशांत दहा वर्षे वापरलेली, पण दिसायला राजेशाही अशी एक जर्मन बनावटीची मोटार त्यांना मिळते आहे. दलाल म्हणतो, ‘‘गुरुजी, असा सौदा पुन्हा मिळणार नाही.’’ गुरुजींच्या पत्नी म्हणतात, ‘‘नाही मिळाला तरच बरे.’’ आता तुम्हीच निवाडा करा, असे गुरुजींचे म्हणणे.

मोटार म्हटले की ‘चैन’ असा शिक्का मारून मोकळे होण्याची आपल्यापैकी काहींना सवय आहे. ती सवय इथे कामाची नाही. ज्या गावाची शेवटची एस.टी. दिवेलागणीला निघून जाते आणि जिथून जिल्हा रुग्णालय साठ किलोमीटरवर आहे, त्या गावात वृद्ध आई असलेल्या माणसाने मोटारीचा विचार करावा यात गैर काय? शिवाय वापरलेली वस्तू घ्यावी, दुरुस्त करून वापरावी, ही वृत्ती आम्हाला उधळपट्टीपेक्षा कितीतरी जवळची वाटते. तेव्हा आक्षेप मोटारीला नाही, जुनेपणालाही नाही. प्रश्न आहे तो या विशिष्ट सौद्याचा.

ही मोटार इतकी स्वस्त का, हे आधी पाहिले पाहिजे. महागड्या मोटारीचा पहिला मालक हमीची मुदत संपता संपता ती विकून मोकळा होतो, आणि पुढच्या मोठ्या खर्चाची धास्ती असल्यामुळे दुसरा खरेदीदार सहज मिळत नाही. त्यात भर दिल्लीची. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींवरचे निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम ठेवल्यानंतर तिकडच्या अनेक आलिशान मोटारी मातीमोल भावाने इतर राज्यांच्या बाजारात आल्या. परंतु इथेच अर्थशास्त्राचा एक साधा नियम दलाल सांगत नाही : मोटारीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. चाळीस लाखांची मोटार आठ लाखांना मिळाली, तरी तिचा गिअरबॉक्स चाळीस लाखांच्या मोटारीचाच असतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच.

हे भाग बिघडत नाहीत, अशीही समजूत नको. आपोआप गिअर बदलणाऱ्या, दुहेरी क्लचच्या यंत्रणेबद्दल इतक्या तक्रारी आल्या की २०१३ साली फोक्सवॅगनला एकट्या चीनमध्ये ३ लाख ८४ हजारांहून अधिक मोटारी परत बोलवाव्या लागल्या. रबरी टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला नाही आणि तो चालत्या इंजिनात तुटला, तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. ‘युरोपीय म्हणजे सुरक्षित’ हेही डोळे मिटून मानू नये. चाकण येथे बनलेल्या पोलो मोटारीची २०१४ साली ग्लोबल एनकॅपने चाचणी घेतली, तेव्हा एअरबॅग नसलेल्या मोटारीला पाचपैकी शून्य तारे मिळाले, आणि दोन एअरबॅग असलेल्या त्याच मोटारीला चार. सुरक्षितता नावात नसते, आत काय बसविले आहे यात असते.

मग युरोपीय यंत्रच खोटे काय? तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मुंबईकरांनी अर्धे शतक ज्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून प्रवास केला, ती पद्मिनी मूळची इटलीची. फियाट ११०० चा आराखडा घेऊन प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनत असे. शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा पूर्ण करून रस्त्यावरून उतरली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. फियाटचेच १.३ लिटरचे डिझेल इंजिन रांजणगावात आणि मानेसरमध्ये तयार होऊ लागले, स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक मोटारींत बसले आणि तालुक्या-तालुक्यांतील गॅरेजवाल्यांच्या हातात रुळले. परकी यंत्रे विश्वासाची झाली, कारण त्यांचे ज्ञान सार्वजनिक झाले. नाक्यावरच्या पोरसवदा मिस्त्रीला पद्मिनीचा कार्ब्युरेटर डोळे बांधूनही उघडता येत असे.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे. १९९०च्या दशकात प्रीमियरने प्यूजो या फ्रेंच कंपनीशी भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात ३०९ ही मोटार काढली. मोटार वाईट नव्हती, पण काही वर्षांतच भागीदारी मोडली आणि फ्रेंच कंपनी निघून गेली. कामगारांच्या वाट्याला जे यायचे ते आलेच, पण ज्यांनी पुंजी घालून मोटारी घेतल्या तेही एका रात्रीत पोरके झाले. यंत्र टिकते की नाही हे पोलादावर जितके, तितकेच ते दुरुस्त करणारा माणूस मागे उरतो की नाही यावर अवलंबून असते.

आज तर कंपनी देशात असूनही ग्राहक पोरका होऊ शकतो. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची परदेशी बनावटीची मोटार एका किरकोळ इलेक्ट्रॉनिक भागापायी तीन महिने अंगणातल्या चिंचेखाली उभी होती. भाग मिळाला, मिस्त्रीने तो बसविलाही, पण मोटारीचा संगणक त्याला ओळख देईना. ती ओळख द्यायची सोय केवळ कंपनीच्या अधिकृत केंद्रात, आणि ते केंद्र दोनशे किलोमीटरवर. पैसे मोजून घेतलेल्या मोटारीची खरी किल्ली कुणाच्या खिशात आहे, हे त्या गृहस्थांना त्या दिवशी कळले.

ही एकट्या-दुकट्याची कहाणी नव्हे. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात येऊ न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यात देशी होत्या, जपानी होत्या आणि युरोपीयही होत्या. कंपन्या न्यायालयांत गेल्या, आणि मिस्त्री होता तिथेच राहिला. गंमत अशी की, खुद्द युरोपात २००७ च्या नियमाने स्वतंत्र गॅरेजवाल्याला दुरुस्तीची माहिती देणे कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. चाकणला आणि शेंद्र्याला आमचे कामगार या मोटारी जोडतात, आणि त्यांच्याच गावचा मिस्त्री मात्र त्या उघडण्यास अपात्र ठरतो! केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे पोर्टल काढले खरे, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

गुरुजींना आमचे उत्तर सरळ आहे : हा सौदा करू नका. ज्याच्या घरी दुसरी मोटार आहे आणि ज्याला एका बिघाडाचे दोन लाख जड नाहीत, त्याने हौस करावी. बारा वर्षांची बचत एका गिअरबॉक्सच्या भरवशावर टाकू नये. तरीही मन वळत नसेल, तर चार गोष्टी लेखी तपासाव्यात. देखभालीच्या नोंदी पहिल्या दिवसापासूनच्या हव्यात. दलालाच्या ओळखीबाहेरच्या जाणत्या मेकॅनिककडून, इंजिन थंड असताना आणि संगणक जोडून, पूर्ण तपासणी व्हावी. आरसी बुकावर कर्जाचा बोजा नाही, दंडाची थकबाकी नाही आणि मोटार परराज्यातली असल्यास ना-हरकत दाखला व इथला कर यांचा हिशेब पूर्ण आहे, हे पाहावे. आणि किमतीचा चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर ती मोटार आपल्याला परवडत नाही असे समजावे.

कार्यकर्त्यांचे काम मात्र इथे संपत नाही. ट्रॅक्टरपासून मोबाइलपर्यंत हेच कुलूप आता घरोघर येऊ लागले आहे. दुरुस्तीची माहिती, तपासणीची साधने आणि सुटे भाग वाजवी किमतीत प्रत्येक मिस्त्रीला मिळालेच पाहिजेत, असा कायदा व्हावा ही मागणी ग्राहक पंचायतीच्या आणि गॅरेज कामगारांच्या बैठकांतून पुढे आली पाहिजे. गुरुजींनी मोटार घेतली काय आणि न घेतली काय, त्यांच्या गावच्या मिस्त्रीच्या हाती ती किल्ली येईपर्यंत हा प्रश्न सुटला असे आम्ही मानणार नाही.