सरासरीचा पाऊस आणि मॉरिशसचा ऊस

हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर वर्षाकाठी सरासरी सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा वाचून आपल्या दुष्काळी मुलखातील माणसाला त्या बेटाचा हेवाच वाटेल. परंतु पीक सरासरीवर वाढत नाही. आग्नेयेकडून येणारे वारे मधल्या पठारावर चढतात आणि तेथे ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पाडतात. पठाराआडच्या पश्चिम किनाऱ्याच्या वाट्याला मात्र १,००० मिलिमीटरही येत नाही. सह्याद्रीचा माथा आणि माणदेश यांच्यातील तफावत त्या चिमुकल्या बेटावर थोड्याच कोसांत सामावली आहे.

जी गोष्ट स्थळाची, तीच काळाची. उसाला नोव्हेंबर ते एप्रिल या तेथील उन्हाळ्यात वाढीसाठी पाऊस लागतो, तर पुढील थंड महिन्यांत साखर भरण्यासाठी उघडीप लागते. हे वेळापत्रक आता विस्कटू लागले आहे. १९५० च्या दशकाच्या तुलनेने पाऊस सुमारे ८ टक्क्यांनी घटला असून उन्हाळी पावसाचा प्रारंभही लांबत चालला आहे. १९९९ च्या अवर्षणात साखरेचे उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे सव्वासहा लाख टनांवरून पावणेचार लाख टनांच्या आसपास घसरले. उलट मार्च २०१३ मध्ये पोर्ट लुईस या राजधानीत अल्पावधीत कोसळलेल्या पावसाने अकरा जणांचा बळी घेतला. असा पाऊस सरासरीत जमा होतो. जमिनीत मुरत नाही.

उसासाठी तेथे १९४६ पासून विमा निधी आहे, हे दूरदृष्टीचे लक्षण होय. नव्या शतकात मिडलँड्स आणि बॅगाटेल ही धरणेही उभी राहिली. तथापि युरोपशी असलेला साखरेचा हमीदराचा करार २००९ मध्ये संपला आणि अनेक लहान बागाईतदारांनी उसाची शेती सोडली. ज्याच्या हातात दर नाही आणि शेतात पाट नाही, त्याला एक लांबलेला पावसाळाही पुरेसा असतो. तेव्हा सारा दोष आभाळाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून त्या बेटावर गेलेल्यांत मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांपुढील प्रश्न आपल्या ऊसकरी जिल्ह्यांना अपरिचित नाही. पाऊस किती पडला, एवढेच विचारून भागणार नाही. तो कोठे पडला, केव्हा पडला आणि साठलेले पाणी अखेर कोणाच्या शेतात पोहोचले, हे विचारावे लागेल.