दाद नायकाला नको, पुस्तकाला द्या

ऐतिहासिक कादंबरी वाचून संपवलेल्या कुणालाही विचारा, कशी वाटली? उत्तर बहुधा येतं, "काय माणूस होता हो!" हे उत्तर माधवराव पेशव्यांबद्दल असतं, नाहीतर संभाजीराजांबद्दल. रणजित देसाईंबद्दल किंवा शिवाजी सावंतांबद्दल त्यात अवाक्षर नसतं. कवितासंग्रहाबद्दल विचाराल तर दोनच उत्तरं ठरलेली: "छान आहे" आणि "आपल्याला कवितेतलं काही कळत नाही बुवा." कवी ओळखीचा असला की पहिलं, नसला की दुसरं.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे: मत जरूर द्या, पण हातातल्या पुस्तकाबद्दल द्या.

कादंबरीपासून सुरुवात करू, कारण गोंधळ तिथे जास्त आहे. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी 1871 ची. पुढे हरिभाऊ आपटे आले, नाथमाधव आले, आणि आपल्या घरांतून शिवकाल आणि पेशवाई कादंबरीच्या वाटेनेच आली. शाळेच्या पुस्तकाने सनावळ्या दिल्या. माणसं दिली ती कादंबऱ्यांनी. त्यामुळे नायकावरचं प्रेम आपोआप लेखकाच्या खात्यावर जमा होतं. शिवाजी महाराजांवरची एखादी कादंबरी रटाळ आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही, कारण तो महाराजांचाच अवमान झाला असं वाटतं. तसं काही होत नाही. महाराज थोर आहेत आणि ही कादंबरी कंटाळवाणी आहे, ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता येतात. म्हणायला लागा. थोर माणसावर वाईट पुस्तक लिहिणाऱ्याला आपण फुकटची दाद देत आलो आहोत.

रणजित देसाईंची 'स्वामी' 1962 साली आली. माधवराव 1772 च्या नोव्हेंबरात थेऊरला क्षयाने गेले तेव्हा त्यांचं वय सत्तावीस होतं, आणि रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. एवढा भाग इतिहासाचा. वाचकांच्या मनात मात्र घर करून राहतात ते त्या दोघांमधले हळवे प्रसंग, आणि त्यांतले संवाद कुठल्याही दप्तरात सापडणार नाहीत. ते देसाईंचे आहेत. हे प्रसंग खरे वाटले तर तो लेखकाचा विजय. तसं मोकळेपणाने सांगा. पण त्यांतला एखादा संवाद उचलून 'इतिहासात असं म्हटलं आहे' म्हणून व्हॉट्सॲपवर ढकलू नका. त्यात इतिहासाचंही नुकसान आहे आणि देसाईंचंही, कारण ज्या ओळी त्यांनी कल्पनेने उभ्या केल्या त्यांचं श्रेय भलत्याच कागदाला जातं.

आपलं मत पुस्तकाबद्दल आहे की नायकाबद्दल, हे तपासायचा एक सोपा मार्ग आहे. ना. सं. इनामदार वाचा. या लेखकाने बहुतेकदा बदनाम माणसं निवडली: 'झेप'मध्ये त्र्यंबकजी डेंगळे, 'मंत्रावेगळा'मध्ये दुसरा बाजीराव, 'शहेनशहा'मध्ये तर थेट औरंगजेब. इथे तयार भक्तिभाव मदतीला येत नाही. दुसरा बाजीराव म्हणजे पळपुटा, असंच आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. तरीही चारशे पानं धरून ठेवत असतील, त्या माणसाची तगमग समजत असेल, तर ते काम लेखकाचं आहे. आणि नसतील धरून ठेवत, तर तसं सांगा. 'औरंगजेबावर कादंबरी कशाला?' हे मात्र पुस्तकाविषयीचं मत नव्हे.

मग खऱ्याखोट्याचं काय? तो प्रश्न विचारलाच पाहिजे, फक्त वेगळा विचारा. विश्वास पाटलांची 'पानिपत' आवडली असेल तर त्र्यं. शं. शेजवलकरांचं पानिपतावरचं पुस्तक ग्रंथालयातून मागवा. सावंतांची 'छावा' भारावून वाचली असेल (2025 साली सिनेमा आल्यावर बऱ्याच जणांनी ती प्रथमच हातात घेतली असणार), तर वा. सी. बेंद्रे यांचं 1960 चं संभाजीचरित्र पाहा. बखरींनी आणि नाटकांनी व्यसनी, बेजबाबदार म्हणून रंगवलेला राजा बेंद्र्यांनी कागदपत्रांच्या आधारे पुन्हा उभा केला. कादंबरी त्यानंतरची आहे. हे माहीत असलं की सावंतांनी इतिहासकाराकडून काय घेतलं आणि स्वतःचं काय घातलं ते दिसायला लागतं, आणि मत द्यायला काहीतरी हाताशी येतं. बेंद्रे वाचणं 'छावा'इतकं सोपं नाही, हेही सांगून ठेवतो.

आक्षेप असेल तर पान क्रमांक द्या. 'भावना दुखावल्या' एवढ्यावर थांबू नका. कुठल्या पानावर, कुठल्या प्रसंगात, कशाच्या आधाराने चूक वाटते ते लिहा. न वाचता आलेला संताप तर मत म्हणून धरूच नये, मग तो कितीही लोकांनी मिळून केलेला असो. मतभेद कसा मांडावा हे पाहायचं असेल तर देसाईंची 'श्रीमान योगी' उघडा. नरहर कुरुंदकरांचं प्रदीर्घ पत्र तिथे प्रस्तावना म्हणून छापलं आहे. शिवाजी महाराजांकडे पाहण्याची कुरुंदकरांची दृष्टी त्यांची स्वतःची आहे, ती लेखकाला खूश करायला लिहिलेली नाही, आणि देसाईंनी ती आपल्याच पुस्तकाच्या दाराशी बसवली. लेखकाला असा वाचक हवाच असतो.

शिवाय साध्या गोष्टी राहून जातात. मोहिमेच्या कादंबरीला नकाशा हवा होता का? घराण्यातले दोन-दोन बाजीराव-माधवराव ओळखायला वंशावळ हवी होती का? टाईप बारीक आहे, मुद्रणाच्या चुका आहेत, बांधणी पहिल्या वाचनात सुटली, हे प्रकाशकाला कळवा. तुमच्या तक्रारीमुळे पुढच्या आवृत्तीत नकाशा आला तर शंभर कौतुकांपेक्षा ते मोठं काम झालं.

आता कविता. 'कळत नाही' म्हणायला लाजू नका, पण काय कळलं नाही ते सांगा. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 साली आला तेव्हा प्रस्तावना विजय तेंडुलकरांची होती. एवढा मुरलेला नाटककार, पण त्या कवितांच्या जगातले कितीतरी शब्द आपल्याला ठाऊक नाहीत हे त्यांनी लपवलं नाही. आपण मात्र घरबसल्या अख्ख्या संग्रहाला 'दुर्बोध' म्हणून मोकळे होतो. संग्रह सलग वाचू नका, कादंबरीसारखा तर नाहीच. रोज दोन कविता, त्यातली एक मोठ्याने. पंधरवड्याने एखादी कविता डोक्यात राहिली असेल तर तिचं नाव कवीला सांगा. 'तुमचा संग्रह छान आहे' यापेक्षा 'सदतिसाव्या पानावरची कविता आईला वाचून दाखवली' हे वाक्य कवी जपून ठेवतो. आणि ओळखीच्या कवीच्या प्रकाशनाला जाऊन, चहा-वडा घेऊन, पुस्तक न घेता परतणाऱ्यांनी तर मताच्या भानगडीत पडूच नये.

उशीर करू नका, हेही सांगायला हवं. बहिणाबाई चौधरी 1951 च्या डिसेंबरात वारल्या आणि त्यांचं पुस्तक आलं 1952 मध्ये. आज शाळेतल्या पोरालाही त्यांच्या ओळी येतात. त्यांच्यापर्यंत मात्र वाचकाची एक ओळही पोचली नाही. हयात कवींच्या बाबतीत आपल्याला ती सबब नाही.

मत लिहायला समीक्षक व्हावं लागत नाही. दहा ओळी पुरतात: काय आवडलं, कुठे अडलं, कुठे पानं उलटली, कुणाला वाचायला द्याल. गावातल्या ग्रंथालयात अभिप्रायाची वही असेल तर तिच्यात लिहा. नसेल तर ग्रंथपालांना म्हणा, ठेवा. पुढच्या खरेदीच्या यादीत कुठली पुस्तकं यावीत हे त्या वहीवरून ठरवता येतं, आणि कवितासंग्रहांची मागणी कुणी लिहून केलीच नाही तर ते यादीत येणार नाहीत. 'ललित' मासिकासारख्या ठिकाणी वाचकांची निवड मागवतात, तिथे आपलं नाव घालून पाठवा. लेखकाचा पत्ता बहुधा पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर असतो. तो नसला तर प्रकाशकाच्या पत्त्यावर लिहा आणि पाकिटावर लेखकाचं नाव घाला. या महिन्यात वाचलेल्या एका पुस्तकापुरतं तरी एवढं कराच.