टेबल बदलतं, हवा तीच राहते!

आज या टेबलावर तुम्ही, उद्या दुसरं कुणी, अशी पद्धत आता अनेक ऑफिसांत आली आहे. सोय चांगली, पण टेबल, कीबोर्ड, माऊस पुसायचं कुणी? माझ्या मते, जो उठतो त्याने. त्यासाठी कापड आणि जंतुनाशक हाताशीच हवं.

त्याहून महत्त्वाची हवा. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच गार करून फिरवतो. फ्लू, क्षयरोग हवेतूनही पसरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये माणशी सेकंदाला 10 लिटर हवा सुचवली. खोलीत माणसं वाढवताना हा हिशोबही वाढवायला हवा.

म्हणून नव्या फर्निचरआधी उघडणारी खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन मागा. आणि ताप-खोकला असेल, तर तुमचं टेबल त्या दिवशी रिकामंच राहू द्या.