रांगेतला शेजार

दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या नगरांत शेजारधर्म केवळ लिफ्टमधील नमस्कारापुरता उरला आहे, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मतदानाचा दिवस मात्र या तक्रारीला सुखद अपवाद ठरतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नोएडा व गाझियाबाद येथील अनेक उंच इमारतींच्या संकुलांतच मतदान केंद्रे उघडण्यात आली. घरापासून चार पावलांवर केंद्र, सकाळची वेळ आणि रांगेत ओळखीचे चेहरे! अशा रांगेत वृद्धांना कुणी पुढे जाऊ देते, चष्मा विसरलेल्या आजींना कुणी चिठ्ठीवरील क्रमांक वाचून दाखवते. गप्पा मुलांच्या परीक्षेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत पोहोचतात. कोण कुणाला मत देणार, हे मात्र कुणी विचारत नाही. मत गुप्त आणि रांग उघड, या जोडीतच लोकशाहीचे शहाणपण आहे.

इतकी सोय असूनही त्या वर्षी गाझियाबाद मतदारसंघातील मतदान निम्म्याच्या आसपासच राहिले. २६ एप्रिल हा मतदानाचा दिवस शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, पाठोपाठ रविवार. निदान बँकेतील मंडळींना तरी सलग तीन सुट्ट्यांचा मोह काय असतो, हे सांगावयास नको. मतदानासाठी मिळालेली सुट्टी मतदान टाळून उपभोगणे म्हणजे विशिष्ट कामासाठी घेतलेले कर्ज भलत्याच कामी लावण्यासारखे होय.

मात्र सर्वच गैरहजेरी आळसाची नसते. राजधानी परिसरात नोकरीनिमित्त येणाऱ्यांमध्ये मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. बदली होताच बँकेचे खाते नव्या शाखेत येते, गॅसची जोडणी येते, मुलांचा शाळाप्रवेश होतो. मतदार यादीतील नाव तेवढे पुण्याला वा नागपूरला राहून जाते. मतदानाच्या दिवशी ना तेथे जाणे होते, ना येथे मत देता येते. असा नागरिक येथील मतदानाच्या टक्केवारीत दिसत नाही. जुन्या गावच्या टक्केवारीत मात्र तो गैरहजर म्हणून धरला जातो.

गावाशी असलेले नाते तुटू नये म्हणून नाव हलवीत नाही, असे काहीजण सांगतात. ही भावना समजण्याजोगी आहे. परंतु ज्या रस्त्याने रोज कार्यालयात जावयाचे, जे पाणी प्यावयाचे, ज्या हवेत मुलांनी वाढावयाचे, त्याविषयी बोलण्याचा हक्क सोडून देणे कितपत योग्य? यादीत नाव एकाच ठिकाणी ठेवता येते. पत्ता बदलल्यास नमुना क्रमांक ८ भरून ते नव्या ठिकाणी आणता येते. त्यासाठी स्वतःचे घर असावे लागत नाही; भाडेकरूही तेथील मतदार होऊ शकतो. खात्यातील पत्ता बदलण्याचा अर्ज भरतानाच याही अर्जाची आठवण ठेवली, तर काम सहज होईल.

१९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून डाव्या तर्जनीवर लावली जाणारी म्हैसूरची शाई काही आठवड्यांत पुसट होते. रांगेत झालेली ओळख त्याहून अधिक टिकते. पुढील मतदानाच्या सकाळी घराबाहेर पडताना शेजारचे दार वाजवावे, एवढेच. ज्या वस्तीत एकमेकांना हाक मारून मतदानाला नेले जाते, तेथे अडीअडचणीलाही हाक ऐकू येते.