भोंगा बंद, पडदा चालू



2024 च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पाच टप्प्यांत मतदान झाले. पनवेल मावळ मतदारसंघात येते. तेथे मतदान 13 मे रोजी. 11 मेच्या संध्याकाळी खारघरचे भोंगे थांबले. लागूनच असलेले बेलापूर ठाणे मतदारसंघात. तेथे मतदान 20 मे रोजी, म्हणून प्रचार चालूच. भोंग्याला हद्द असते, टीव्हीच्या पडद्याला नसते.

आपल्या कापूस-ज्वारीच्या मुलखातही हेच. यवतमाळ, अकोला, परभणीचे मतदान 26 एप्रिलला. 24 तारखेला संध्याकाळी प्रचार संपला, पण पुढच्या टप्प्यांच्या सभा घरातल्या पडद्यावर चालूच राहिल्या.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 126 मतदान संपण्याआधीचे 48 तास त्या भागात टीव्हीवरूनही प्रचार दाखवू नये असे सांगते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. पण प्रचार दुसऱ्या मतदारसंघाचा म्हटला की वाट मोकळी! मग मुका होतो कोण? ज्याची सभा कोणतीच वाहिनी दाखवत नाही, तो जीपगाडीतून गावोगाव फिरणारा उमेदवार. मोठ्यांचा आवाज मतदानाच्या सकाळपर्यंत घुमतो. दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी, असा हा बंदोबस्त.

आकाशवाणी-दूरदर्शनवर 1977 पासून पक्षांना मोफत वेळ मिळतो. पण तो मान्यताप्राप्त पक्षांनाच. अपक्षाला आणि नुसत्या नोंदणीकृत पक्षाला एक मिनिटही नाही. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितले. मालक आपण, आणि बांधावर उभे आपणच!

2023-24 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7020 रुपये होता. त्याखाली माल का विकावा लागला, हे उमेदवारांना समोरासमोर विचारणाऱ्या किती चर्चा आपण पाहिल्या?

बातमीवर सरकारी लगाम आम्हाला नको. तो उद्या आपल्याच तोंडावर बसेल. आमचे मागणे साधे आहे. राज्याचे मतदान एकाच दिवशी घ्या. ते जमत नसेल, तर शांततेचे 48 तास वाहिन्यांनाही लागू करा. मोफत वेळेत मान्यता नसलेल्यांनाही वाटा द्या.

तोवर आपण हातावर हात ठेवून बसायचे नाही. पुढच्या निवडणुकीत प्रत्येक गावात दोघांनी वही घेऊन बसावे. कोणत्या वाहिनीने, किती वाजता, काय दाखवले ते लिहावे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडील माध्यम संनियंत्रण समितीकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. काट्यावर नजर ठेवल्याशिवाय माप पुरे मिळत नाही, हे आपल्याला बाजाराने शिकवलेच आहे.