पाच माणसांचे लग्न

'फादर, आता आपल्या धर्मग्रामात बागेत लग्ने लावायची का?' गेल्या महिन्यात रविवारची दुसरी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एका प्रतिष्ठित गृहस्थांनी आम्हांला हसत हसत विचारले. भोवतालची चारदोन मंडळीही हसली. आम्हांला हसू आले नाही. ज्या लग्नाकडे त्यांचा रोख होता, ते लग्न चर्चबाहेर जाण्यास निम्मे कारण आम्ही होतो आणि उरलेले निम्मे कारण त्या पायऱ्यांवर उभे होते. हा विषय मनात घोळत राहिला, म्हणून येथे मांडत आहोत. मुलीच्या आईची संमती आम्ही घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, ती दोघे आमच्या कचेरीत आली. दोघेही कॅथलिक, मुलीला प्रथम ख्रिस्तशरीर आम्हीच दिलेले. त्यांची मागणी साधी होती. शहरातील तलावाकाठी महापालिकेचे उद्यान आहे, त्यातल्या जुन्या शिरीषाच्या झाडाखाली, दुपारी चार वाजता, पंचवीसएक माणसांच्या साक्षीने आम्ही त्यांचे लग्न लावावे. मांडव नको, बँड नको, खुर्च्या फक्त वडीलधाऱ्यांपुरत्या. आम्ही फळीवरून १९८३ सालची ख्रिस्तसभेची कायदेसंहिता काढली, १११८ वे कलम उघडले आणि पहिले पोटकलम मोठ्याने वाचून दाखवले: दोन कॅथलिकांचा विवाह धर्मग्रामाच्या चर्चमध्ये व्हावा. 'तसे चालत नाही, बाळांनो,' असे म्हणून पुस्तक मिटले. या साऱ्याला दहा मिनिटेही लागली नसतील. त्यांनी आमचे आभार मानले, आशीर्वाद घेतला आणि ती निघून गेली.

पुढे त्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन, तीन साक्षीदारांसमोर, विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत सह्या केल्या, आणि तेथून घरची मंडळी त्याच बागेत जाऊन चहा पिऊन आली. सरकारच्या लेखी ती पतिपत्नी आहेत. ख्रिस्तसभेच्या लेखी त्यांचा विवाह झालेलाच नाही, कारण दोघे कॅथलिक असताना धर्मगुरूच्या आणि दोन साक्षीदारांच्या समोर संमती दिली गेली नाही. साहजिकच ती प्रभुभोजनाला येत नाहीत. पूर्वी मुलगी आणि आई एकाच बाकावर बसत. आता आई एकटी येते.

त्या माउलीने चार महिन्यांनी आम्हांला जे सांगितले, ते आम्ही त्या दहा मिनिटांत मुलीला विचारायला हवे होते. थोरल्या मुलीचे लग्न घरात सहा वर्षांपूर्वी झाले. नऊशे ताटे होती. पतपेढीचे कर्ज काढले, आईच्या पाटल्या मोडल्या, वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतली मोठी रक्कम त्यात गेली. आणि त्या लग्नाचे हप्ते धाकटीच्या लग्नाच्या दिवशीही चालूच होते. धाकटीने ते सगळे डोळ्यांनी पाहिले होते. ती आईला म्हणाली होती, 'चर्चमध्ये लग्न ठेवले की कोणाला वगळता येत नाही. बागेत ठेवले तर लोक बागेला नावे ठेवतील, बाबांना ठेवणार नाहीत.' म्हणजे बापाची अब्रू झाकण्यासाठी त्या पोरीने बागेचे झाड शोधले होते, आणि आम्ही समजलो ते सिनेमाचे खूळ!

आता आमच्या लग्नांबद्दल थोडे बोलू. लग्नघरी उंबराचे पाणी आणण्याची चाल ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल, की त्या रात्री अख्खी आळी कामाला असे. कोणी तांदूळ निवडी, कोणी मांडवाचे वासे आणी, कोणाच्या घरची पातेली येत, बाया फुगे तळायला बसत. पाहुणा तेव्हा दोन हात घेऊन येई. माणसे वाढली तर लग्नघराचा भार हलका होई. आज पाहुणा ताटाच्या दराने येतो. दहा माणसे वाढली की केटरर दहा ताटांचे पैसे लावतो. गर्दी तीच राहिली, तिचे अर्थशास्त्र मात्र उलटे फिरले, आणि आम्ही अजूनही 'आपली परंपरा' म्हणून त्या गर्दीचे समर्थन करतो. परंपरा पातेली देण्याची होती. ती कधीच मोडली. तिच्या मोडण्याबद्दल पायऱ्यांवर कोणी अवाक्षर काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हॉलची तारीख आधी ठरते, मग धर्मगुरूची सोय पाहिली जाते. 'फादर, प्रवचन जरा आटोपते घ्या, हॉल सात वाजता ताब्यात मिळतो,' असे आम्हांला सांगण्यात आले आहे, तेही वधूपित्याकडून नव्हे, सूत्रसंचालकाकडून. संमती देण्याच्या क्षणी छायाचित्रकाराने वधूला 'पुन्हा एकदा' म्हणायला लावल्याचे आम्ही वेदीवरून पाहिले आहे. (तिने म्हटलेही. आम्ही त्या वेळी गप्प राहिलो, हीही आमचीच चूक.) या कशाने धर्म बुडाला नाही. पंचवीस माणसे झाडाखाली उभी राहणार म्हटल्याबरोबर मात्र तो बुडू लागला!

काना गावच्या लग्नाचा दाखला आम्हांला नेहमी ऐकवला जातो. येशूस्वामी स्वतः लग्नाच्या मेजवानीला गेला, सहा रांजण भरून द्राक्षारस दिला, मग आम्ही हात का आखडावा? योहानाचे शुभवर्तमान नीट वाचावे. त्या घरचा द्राक्षारस संपला होता. यजमानाची ऐपत पाहुण्यांना पुरली नाही आणि त्याची नाचक्की होऊ घातली होती; ती पवित्र मरियेने सर्वांआधी ओळखली आणि गाजावाजा न करता पुत्राच्या कानी घातली. आमच्यात कोणाचे काही कमी पडले तर ते कोणाच्या कानी आधी जाते, ते वाचकांना ठाऊक आहे.

आता कायद्याचे पाहू. त्या दिवशी आम्ही तो अर्धाच वाचला. विवाहसंस्काराचे खरे सेवक वधू आणि वर हीच दोघे असतात, अशी आपल्या लॅटिन परंपरेची शिकवण आहे. १५६३ साली ट्रेंटच्या विश्वपरिषदेने 'तामेत्सी' या फर्मानाने धर्मगुरूची आणि साक्षीदारांची उपस्थिती अनिवार्य केली. त्यापूर्वी दोघांनी एकमेकांना गुपचूप वचन दिले तरी विवाह वैध ठरे. मग पुरुषाने हात झटकले, दुसरीशी उघड लग्न लावले, तर पहिलीने पुरावा कोठून आणावा? तिच्यासारख्यांना फसवले जाऊ नये, यासाठी विवाह उघड्यावर, साक्षीने व्हावा असा आग्रह धरला गेला. डामडौलाशी त्या नियमाचा काडीचाही संबंध नव्हता. आजच्या संहितेचे ११०८ वे कलम तेच सांगते: धर्मगुरू आणि दोन साक्षीदार. वधूवर धरून पाच माणसे झाली. संस्कार तेवढ्यात पुरा होतो. पुढची आठशे पंच्याण्णव माणसे आपण बोलावलेली असतात, ख्रिस्तसभेने नव्हे.

आणि १११८ व्या कलमाला दुसरे पोटकलमही आहे. स्थानिक धर्माधिकारी, म्हणजे बिशप किंवा त्यांचे प्रतिनिधी, दुसऱ्या योग्य जागी विवाह लावण्याची परवानगी देऊ शकतात. ती जागा कोणती, हे ठरवणे त्यांच्याकडे. बहुतेक बिशप या बाबतीत हात राखून असतात, आणि त्यांना कारणे आहेत. तरीही अमेरिकेतील बाल्टिमोर महाधर्मप्रांताने २०१८ साली चर्चबाहेरच्या योग्य जागांना वाट मोकळी करणारे धोरण स्वीकारले. आम्ही त्या मुलांसाठी अर्ज लिहिला असता तर तो मंजूर झाला असता, असा आमचा दावा नाही. आम्ही तो लिहिला नाही, एवढेच आम्हांला बोलायचे आहे.

इतके लिहिल्यावर कोणी आम्हांला बागेचे वकील समजेल, तर तेही खरे नव्हे. त्या मुलीची एक मावसबहीण न्यूयॉर्कला असते. तिच्या मैत्रिणीचे लग्न सेंट्रल पार्कात झाले, त्याची छायाचित्रे आमच्या तरुणांत बरीच फिरली. छायाचित्रात न दिसणारे सांगतो. त्या ८४३ एकरांच्या उद्यानातही वीस किंवा अधिक माणसे जमणार असतील तर उद्यान विभागाचा परवाना लागतो, त्याच्या अर्जाचे पंचवीस डॉलर पडतात. विवाहाचा परवाना नगर-लेखनिकाकडून वेगळा काढावा लागतो, आणि तो हाती आल्यावर चोवीस तास थांबावे लागते. झाडाखाली उभे राहिले म्हणजे माणूस नियमांतून सुटला, असे तिकडेही होत नाही. आपल्याकडे तर उद्यान ही मुलांना खेळण्यासाठी उरलेली शेवटची जागा. आज पंचवीस माणसांचे लग्न, उद्या दोनशेंचे, परवा दोरी बांधून 'खाजगी समारंभ' अशी पाटी. पोलिसांच्या परवानगीवाचून ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. ते पाळतो कोण, हे दिवाळी ते मे महिना कानांनी अनुभवावे. शिवाय जून ते सप्टेंबर आकाशाचा भरवसा नाही, आणि आमच्या दमट हवेत एप्रिलच्या दुपारी चार वाजता वडीलधाऱ्यांना उभे करणे हे पाप नसले तरी प्रायश्चित्त नक्कीच आहे.

चर्चचा आमचा आग्रह मात्र यापेक्षा वेगळ्या कारणासाठी आहे. ज्या कुंडाशी त्या मुलीचा स्नानसंस्कार झाला, ज्या दारातून तिच्या आजोबांची शवपेटी बाहेर नेली, त्याच वास्तूत तिने आपला शब्द द्यावा. ती वास्तू तिच्या वडिलांनी भाड्याने घेतलेली नाही, तिची आहेच. सबंध शहरात जेथे उभे राहण्यासाठी तिला कोणाला ताट वाढावे लागत नाही, अशी तिच्या हक्काची जागा चर्च ही असायला हवी होती. तीच जागा तिला महाग वाटली, आणि तिने महापालिकेच्या बागेचा आसरा धरला, यात लाज कोणाला वाटली पाहिजे?

लहान लग्न आपल्याकडे होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना महामारीची आठवण देतो. २०२० मध्ये सरकारने लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा घातली. एप्रिल २०२१ मध्ये तर पंचवीस माणसे आणि दोन तास, मोडल्यास पन्नास हजार रुपये दंड. त्या दीडदोन वर्षांत मोजक्या माणसांत लग्ने लागली. आम्ही लावलेल्या लग्नांतली जोडपी आज मुलांना कडेवर घेऊन मिस्साला येतात. तेव्हा कोणी रुसले नाही, कारण रुसण्याचा दोष सरकारवर ढकलता येत होता. एका वधूपित्याने तर आमच्या कानाशी येऊन, 'फादर, देवाने आमची लाज राखली,' असे म्हटले. रोगराईत त्याला देवाची कृपा दिसावी, इतके ओझे आपण त्याच्या खांद्यावर ठेवले होते.

'त्यांनी आम्हांला बोलावले, आम्ही त्यांना कसे वगळावे?' हा युक्तिवाद आम्ही जाणतो, आणि तो अगदीच खोटा नाही. परतफेडीत माणुसकी असते. पण ती मांडवात, ताटावरच झाली पाहिजे असे कोठे आहे? आजाऱ्याच्या उशाशी बसून होते, मयताच्या रात्री होते, मुलाच्या शाळेच्या फीपोटी गुपचूप दिलेल्या पाकिटानेही होते. आणि ज्याला बोलावणे आले नाही त्याने, 'बरे झाले, पोरांनी कर्ज काढले नाही,' एवढे म्हणावे. तेवढ्याने निम्मे काम होईल.

आमच्याकडून आम्ही एक गोष्ट केली आहे. धर्मग्राम परिषदेशी बोलून यापुढे कोणत्याही बुधवारी दुपारी तीन वाजता चर्च लहान लग्नांसाठी मोकळे ठेवले आहे. वेदीवर रविवारची फुले असतात, ती पुरेत. गायनमंडळातली तीनचार मुले येतील. धर्मग्राम एक पैसाही घेणार नाही. त्यानंतर बागेत जायचे असेल तर बाग पाच मिनिटांवर आहे. चहाची किटली घेऊन, एका बाकावर, इतर लोक बसतात तसे बसायला कोणाचाही परवाना लागणार नाही. बोलावल्यास आम्हीही येऊ.

गेल्या पंधरवड्यात आम्ही त्या दोघांच्या बिऱ्हाडी जाऊन आलो. त्यांच्या विवाहाला धर्मविधीचे रूप देणे अवघड नाही. पाच माणसे लागतात, तीच पाच. आम्ही आमच्या त्या दहा मिनिटांबद्दल त्यांची क्षमा मागितली. मुलाने चहा केला. मुलीने बराच वेळ ऐकून घेतले आणि एकच विचारले, 'फादर, तुमचे बुधवारचे कळले. पण नंतर रविवारी पायऱ्यांवर बाबांना कोणी विचारणार नाही ना, की आम्हांला का बोलावले नाही?'

आम्ही तिला 'नाही' असे खात्रीने सांगू शकलो नाही. बुधवार अद्याप ठरलेला नाही.