रणजीचे मोल आणि किंमत

विदर्भ व केरळ यांच्यातील रणजी करंडकाचा अंतिम सामना 2 मार्च 2025 रोजी नागपूरजवळच्या जामठा मैदानावर अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील 37 धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक पटकावला. आदल्या वर्षी ज्या मुंबईने अंतिम फेरीत विदर्भाला हरविले होते, तिलाच या वेळी उपांत्य फेरीत 80 धावांनी नमविण्यात आले. बावीस वर्षांच्या हर्ष दुबे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने हंगामात 69 बळी घेऊन रणजीतील नवा उच्चांक प्रस्थापित केला. केरळ तर प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला, आणि तोही उपांत्यपूर्व फेरीत एका, तर उपांत्य फेरीत दोन धावांच्या आघाडीवर!

परंतु या हंगामाची चर्चा झाली ती जानेवारीतील दोन सामन्यांची. करारबद्ध खेळाडूंनी देशांतर्गत सामने खेळलेच पाहिजेत, असा दंडक नियामक मंडळाने घातला होता. रोहित शर्मा मुंबईकडून उतरला. जम्मू-काश्मीरने गतविजेत्या मुंबईला तिच्याच घरी पाच गडी राखून हरविले. पण बोलबाला राहिला तो रोहितच्या 3 आणि 28 धावांचाच. दिल्लीत विराट कोहलीला पाहण्यासाठी गर्दी लोटली आणि तो 6 धावांवर त्रिफळाचीत होताच पांगू लागली. लोक रणजी पाहावयास आले नव्हते, माणूस पाहावयास आले होते.

या उदासीनतेची किंमत कोण मोजतो, हे आकड्यांवरून कळते. 2021 साली ठरलेल्या दरांनुसार नवोदित रणजी खेळाडूस दिवसाला 40 हजार, तर चाळीसहून अधिक सामने खेळलेल्यास 60 हजार रुपये मिळत. साखळीतील सात सामन्यांचे 28 आणि बाद फेरीतील तीन सामन्यांचे 15, असे विजेत्या संघाचे 43 दिवस होतात. एकही सामना न चुकवणाऱ्या ज्येष्ठ खेळाडूचे मानधन या हिशेबाने 25 लाख 80 हजार, तर नवोदिताचे 17 लाख 20 हजार भरते. बक्षिसाची रक्कम वेगळी. पण ती अखेरच्या टप्प्यापर्यंत पोहोचणाऱ्या संघांच्याच वाट्याची. साखळीतच बाद झालेल्या संघातील नवोदिताच्या हाती 11 लाख 20 हजारच पडतात. उलट 2025 च्या आयपीएल लिलावात सर्वांत कमी मूळ किंमत होती 30 लाख. एकही चेंडू न टाकता तंबूत बसणाऱ्यासही ती लाभते.

यावर युक्तिवाद असा होतो, की रणजीला प्रेक्षक नाहीत, मग पैसा यावा कोठून? हे तर्कट वरवर बिनतोड दिसते. पण रणजी हा विकावयाचा माल नव्हे. ती माल घडविणारी कार्यशाळा आहे. शाळेचा खर्च तिच्या स्नेहसंमेलनाच्या तिकीटविक्रीतून भागवावा, असे कोणी म्हणत नाही. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांतून 48 हजार 390 कोटी रुपये उभे राहिले. त्या पिकाचे बियाणे रणजीच्या मैदानावर तयार होते. बियाण्याकडे पाठ फिरवून पिकाची आशा धरणे शहाणपणाचे नव्हे.

एकेकाळी बँका, रेल्वे आणि मुंबईतील मोठ्या कंपन्या खेळाडूंना कायम नोकऱ्या देत. मानधन तुटपुंजे असले तरी महिन्याचा पगार आणि पुढे निवृत्तिवेतन यांचा आधार असे. तो आधार आता आक्रसला आहे. अकोल्याच्या वा यवतमाळच्या मुलाने तासन्‌तास एकाच टप्प्यावर चेंडू टाकण्याची तपश्चर्या करावी, की चार षटकांच्या करामती शिकाव्यात? घरची परिस्थिती बेताची असली, तर हा प्रश्न आवडीचा उरत नाही, पोटाचा होतो.

तेव्हा नामवंतांना सक्तीने एखाददुसरा सामना खेळावयास लावणे हा यावरचा उपाय नव्हे. प्रक्षेपणहक्कांच्या उत्पन्नाचा निश्चित हिस्सा रणजीच्या दैनिक मानधनाशी जोडावा आणि कसोटी संघाची निवड करताना रणजीतील कामगिरीला पहिले स्थान द्यावे. 863 धावांच्या रणजी हंगामानंतर करुण नायर आठ वर्षांनी 2025 मध्ये कसोटी संघात परतला, हे चांगले झाले. परंतु असे दार अपवादाने नव्हे, नियमाने उघडले पाहिजे. गर्दी पांगल्यावरही जे खेळत राहतात, त्यांच्याच जिवावर कसोटी क्रिकेट उभे आहे. त्यांचे मोल सर्वांना मान्य आहे. प्रश्न आहे तो किंमत देण्याचा.